सह्याद्रीतली मुलं आल्प्सला न्यायची आहेत: प्लॅनमधून काय काढा, काय ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचा एक ट्रेकिंग ग्रुप, १४ ते १७ वयाची १५ मुलंमुली, सोबत तीन मोठी माणसं, जुलैचा पहिला पंधरवडा, हातात नऊ दिवस. झुरिकला उतरायचं, मग इंटरलाकेन, झर्मॅट, शामोनी, जमलंच तर डोलोमाइट्स, आणि मधे कुठेतरी मुलांकडून एक बर्फाचं शिखर करून घ्यायचं. मुलं हरिश्चंद्रगड, अलंग-मदन केलेली आहेत म्हणजे फिटनेसची काळजी नाही, तर हे जमेल का, तयारी काय आणि गाइड लागेल का.

मुलांना नक्की न्या. पण त्या यादीतली चार ठिकाणं आणि ते शिखर काढून टाका आणि एकाच खोऱ्यात मुक्काम ठोका, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

कारण असं की १८ माणसं आणि त्यांच्या सॅक एका गावातून दुसऱ्या गावात हलवायच्या म्हणजे अख्खा दिवस जातो, दोनदा ट्रेन बदलायची, कुणाची तरी जॅकेट डब्यात राहणार, पोचेपर्यंत दुपार, आणि आल्प्समध्ये उन्हाळ्यात डोंगरावर जायची वेळ म्हणजे सकाळ. नऊ दिवसांत झुरिक धरून पाच ठिकाणं केलीत तर डोंगरात चालायला जेमतेम चार सकाळी मिळतात, त्यातल्या दोन पावसात गेल्या तर उरलेल्या दोन सकाळी काहीही करून सत्कारणी लावायच्या असं प्रेशर लीडरवर येतं आणि मग ढग दिसत असतानाही ग्रुप वर जातो. मुलांच्या ग्रुपचे अपघात बघितलेत तर वाट अवघड होती हे कारण त्यात कमी वेळा असतं, जायलाच हवं होतं हे जास्त वेळा. एका जागी मुक्काम असेल तर आज पाऊस आहे, आज खालच्या दरीत फिरू, हट (डोंगरावरचं मुक्कामाचं घर) उद्या करू असं सहज म्हणता येतं. तुमच्या सगळ्या ट्रिपची सेफ्टी या एका वाक्यावर उभी राहणार आहे.

मी स्वित्झर्लंडमधलं कांडरश्टेग हे गाव सुचवेन. बर्नहून श्पीत्स, फ्रुटिगेन करत साधारण तासाभरात ट्रेन थेट गावात जाते, गाव सुमारे १,२०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही खाली, तिथे विरळ हवेचा त्रास कुणालाच होत नाही. इथे १९२३ पासून आंतरराष्ट्रीय स्काउट सेंटर आहे, त्याची जुनी इमारत मूळची गावाजवळच्या लॉटशबर्ग रेल्वे बोगद्याच्या कामगारांसाठी बांधलेली, बोगदा झाला आणि ती रिकामी पडली, मग स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलच्या कल्पनेतून जगभरच्या स्काउटांचं कायमचं घर तिथे झालं. १९३१ मध्ये पहिली जागतिक रोव्हर मूट, म्हणजे मोठ्या वयाच्या स्काउटांचा मेळावा, याच गावात भरली. तंबूची जागा, ग्रुपला स्वतः स्वयंपाक करता येईल अशी किचन्स, आणि आजूबाजूला दहा-वीस देशांची मुलं. तुमच्यातली काही मुलं शाळेत स्काउट-गाइडमध्ये असतील तर त्या नात्याने आधी लिहून विचारा. फक्त मुलींचं पथक असेल तर शेजारच्या आडेलबोडेनला अवर शॅले आहे, गर्ल गाइड्सचं, १९३२ पासूनचं. दोन्हीकडे जुलै-ऑगस्ट खूप आधी भरतो म्हणून पत्रव्यवहार आदल्या दिवाळीत सुरू करा.

तारखेचं बोलू. आपल्या शाळांची सुट्टी एप्रिल-मे, आणि आल्प्समध्ये मे म्हणजे वरच्या वाटांवर बर्फ, बऱ्याच केबल कार मेंटेनन्ससाठी बंद आणि हट्स उघडलेल्याच नसतात. दिवाळीच्या सुट्टीत परत सगळं बंद व्हायला लागलेलं असतं. म्हणजे शाळेची परवानगी काढून जुलै-ऑगस्टच घ्यायला लागतो, आणि त्यातही शक्य असेल तर पहिल्या पंधरवड्याऐवजी जुलैचा शेवट बघा. दोन-तीन आठवड्यांनी खिंडींखालचा जुना बर्फ बराच कमी होतो आणि तुमच्या ग्रुपसाठी सगळ्यात मोठा धोका तोच आहे.

हे जरा सविस्तर लिहितो. आपली मुलं कातळावर उत्तम चालतात, दृष्टिभय, म्हणजे खाली खोल दरी बघून वाटणारी भीती, त्यांना फारशी नाही, घसाऱ्यावरून तर ती तिथल्या मुलांपेक्षा मोकळी उतरतात, ऊन-तहान सोसतात. पण बर्फ त्यांच्यासाठी खेळायची गोष्ट आहे. जुलैमध्ये २,३०० मीटरच्या वर, खासकरून उत्तरेकडच्या उतारावर आणि घळींमध्ये जुन्या बर्फाचे पट्टे वाट आडवे कापतात, पंधरा-वीस पावलांचेच असतात, आणि मुलं ते दिसले की धावतात, एकमेकांवर गोळे मारतात, बसून घसरतात. सकाळी लवकर तो पट्टा काचेसारखा कडक असतो, ट्रेकिंगच्या बुटाला काही धरत नाही, आणि एकदा घसरलं की स्वतःला थांबवणं ज्याने शिकलेलं नाही त्याला जमत नाही. म्हणून पहिला नियम असा करा की बर्फ दिसला की सगळे थांबणार, लीडर पुढे येणार आणि पट्टा खाली कुठे संपतोय ते बघणार. खाली सपाट गवत असेल तर मुलांना एकेक करून जाऊ द्या, बुटाच्या टोकाने लाथ मारून पायरी करत, उतरताना टाच रोवत. खाली दगड, कडा किंवा ओढा असेल तर पट्टा ओलांडायचाच नाही, वळसा नसेल तर परत फिरायचं. दुसरं म्हणजे ओढ्यावरचा बर्फ खालून पोकळ झालेला असतो, आणि मोठ्या दगडांच्या कडेलाही तो पोकळ असतो, वरून भक्कम दिसतो आणि पाय मांडीपर्यंत आत जातो, त्यात मुरगळतो नाहीतर मोडतो. बर्फात खेळायचंय ना, तर एक दिवस मुद्दाम गाइड घेऊन, खाली मोकळं मैदान असलेल्या उतारावर घसरणं आणि थांबणं शिकवा. मुलांना ते शिखरापेक्षा जास्त आवडतं.

हिमनदीवर मात्र गाइडशिवाय एक पाऊलही नाही, दोरी आपल्याकडे आहे, एक जण बेसिक कोर्स केलेला आहे, असलं काही चालणार नाही. हिमनदीवरच्या भेगा ताज्या बर्फाने झाकलेल्या असतात आणि वरून कळत नाहीत.

वाटांच्या खुणा मुलांना विमानातच पाठ करायला लावा. पिवळी पाटी म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, उभी, अरुंद, काही ठिकाणी दरीकडेने, तुमच्या ग्रुपची मर्यादा इथे संपते. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे अल्पाइन वाट, त्यात हात वापरून चढणं, हिमनदी, काहीही येऊ शकतं. पाट्यांवर जो वेळ लिहिलेला असतो तो न थांबता चालण्याचा असतो, त्यात पाणी प्यायला थांबणं नाही, फोटो नाही, बुटाची नाडी नाही. १८ जणांसाठी त्यात निम्मा वेळ आणखी मिळवा, म्हणजे पाटीवर चार तास असतील तर तुमचे सहा.

आता घड्याळ. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळ निळीशार असते, अकराच्या सुमाराला शिखरांमागून कापसासारखे ढग वर यायला लागतात आणि दुपारी दोन-तीनला गडगडाट. अंधार रात्री साडेनऊनंतर पडतो, त्यामुळे मुलांना वाटतं अजून खूप वेळ आहे, आणि तिथेच फसगत होते, उजेड असतो पण हवामानाचा दिवस संपलेला असतो. सहाला नाश्ता, सातला चालायला सुरुवात, एकच्या आत धार किंवा खिंड सोडून खाली, मग उरलेला दिवस तळ्याकाठी लोळा. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजायचे, तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. आवाज तीस सेकंदांच्या आत आला म्हणजे वीज जवळ आहे, लगेच धारेवरून उतरायचं, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, लोखंडी दोराला हात लावायचा नाही, मुलांना एकमेकांपासून लांब करायचं, सॅकवर पाय जुळवून उकिडवं बसवायचं. शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास तरी तिथून हलायचं नाही. घाबरलेली मुलं एकमेकांना चिकटतात, म्हणून लांब बसायची प्रॅक्टिस आधी करून ठेवा.

ओढ्यांच्या बाबतीत तर मी फार कडक आहे. २७ जुलै १९९९ ला इंटरलाकेनजवळ झाक्सेटबाख नावाच्या घळीत कॅन्यनिंग करणाऱ्या ग्रुपवर वरच्या अंगाला झालेल्या वादळी पावसाचं पाणी एकदम लोंढ्याने आलं आणि २१ जण गेले, बहुतेक सगळे तरुण, त्यात गाइडही होते. आपल्याकडे पावसाळ्यात धबधब्यात उतरलेल्या मुलांचं जे होतं ते हेच, पाऊस इथे नाही म्हणून पाणी वाढणार नाही असं धरलं जातं. त्या घटनेचा परिणाम म्हणून स्वित्झर्लंडने अशा जोखमीच्या खेळांसाठी वेगळा कायदा केला, तो २०१४ पासून लागू आहे, पैसे घेऊन असे कार्यक्रम नेणाऱ्याला परवाना लागतो. गाइड लागेल का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. बर्फ, दोर, घळ, विया फेराटा यातलं काहीही करायचं असेल तर परवाना असलेला स्थानिक गाइड घ्या, आंतरराष्ट्रीय गाइड संघटनेचा बॅज बघा. साध्या डोंगरवाटांसाठी तुम्ही तिघे पुरे.

विया फेराटा म्हणजे कड्यावर ठोकलेल्या लोखंडी पायऱ्या आणि दोर. कांडरश्टेगला आलमेनआल्पची आहे, जोरदार आहे, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी ती नाही. आणि एक गोष्ट पालकांना सोडा, बऱ्याच लीडरनाही माहीत नसते. विया फेराटाचा जो झटका शोषणारा सेट असतो तो युरोपियन मानकाप्रमाणे ४० ते १२० किलो वजनासाठी बनवलेला असतो. आपल्याकडची १४ वर्षांची बरीच मुलं ३५-३८ किलोची असतात, त्यांचं वजन इतकं कमी की पडल्यावर तो सेट नीट उघडतच नाही आणि सगळा झटका अंगावर येतो. अशा मुलांना वरून दोराने बिले द्यायला लागतो, म्हणजे वरच्या माणसाने दोर धरून त्यांना सांभाळायचं. जायच्या आधी प्रत्येकाचं वजन करून यादी गाइडला पाठवा. आणि घरून आणलेल्या स्लिंगची (पट्ट्याची) काऊटेल, म्हणजे कमरेच्या हार्नेसला बांधलेली जोडपट्टी, करून लोखंडी दोराला लावणं हा प्रकार अजिबात नको.

चालायच्या वाटा सांगतो. पहिल्या दिवशी ओशिनेनझे, १,५७८ मीटरवरचं तळं, गावातून चालत दीड-दोन तास किंवा गोंडोलाने. वरच्या अंगाने होयबर्ग, ओबरबेर्गलीवरून तळ्याला वळसा घालणारी वाट पांढरी-लाल-पांढरी आहे, काही ठिकाणी थेट खाली निळं पाणी दिसतं, आपल्या मुलांना ती फार आवडेल. पण तळ्याच्या वर श्पित्सर श्टाइन नावाचा डोंगराचा भाग गेली काही वर्षं सरकतोय, त्याच्यावर सतत नजर ठेवलेली असते आणि खालच्या काही वाटा बंद केलेल्या आहेत, त्यामुळे रोज सकाळी गावातल्या टुरिस्ट ऑफिसात विचारल्याशिवाय निघायचं नाही. बंदच्या पाटीपलीकडे जाऊन फोटो काढायचा मोह मोठ्यांनाही होतो. अशा वेळी मुलांना ब्लाटेनचं सांगा. बोगद्याच्या पलीकडच्या लॉट्शनटाल खोऱ्यात २८ मे २०२५ ला बिर्च हिमनदी कोसळली आणि ब्लाटेन गाव जवळजवळ सगळं गाडलं गेलं, पण सुमारे ३०० गावकरी आधीच हलवलेले होते म्हणून वाचले. तिथे बंद म्हणजे खरंच बंद.

दुसरी वाट गेम्मी खिंडीची. झुनब्यूलपर्यंत केबल कार, मग जवळजवळ सपाट खोऱ्यातून श्वारेनबाखचं जुनं हॉटेल, पुढे डाउबेनझे तळं, ज्याला वरून दिसणारी वाहती वाट नाहीच, पाणी चुनखडीतून खाली मुरतं, आणि मग खिंडीच्या कडेला उभं राहिलं की सरळ खाली लॉयकरबाड. चढ कमी, अंतर भरपूर, कमकुवत मुलांनाही जमते. वाटेतल्या श्पिटलमाटेच्या कुरणावर १८९५ मध्ये आल्टेल्स डोंगरावरची हिमनदी तुटून पडली होती, सहा माणसं आणि दीडशेच्या वर गुरं गेली. त्या जागी बसून डबा खाताना वर बघायला लावा, डोंगर वाचायला मुलं अशीच शिकतात.

पावसाच्या दिवसासाठी गास्टर्नटाल, नदीकाठाने सपाट वाट, दोन्हीकडे कडे आणि त्यावरून पाणी पडत असतं, आपल्या मुलांना श्रावणातल्या माळशेजची आठवण येईल. याच दरीच्या खाली २४ जुलै १९०८ ला बोगदा खणताना वरचा गाळ आणि पाणी आत घुसलं आणि २५ कामगार गेले, म्हणून बोगद्याची लाइन पुढे वळवून न्यायला लागली, सरळ आखलेला बोगदा त्यामुळे वाकडा आहे. कांडरश्टेगच्या पुढे दक्षिणेला जाणाऱ्या ट्रेन त्यातूनच जातात. संततधार असेल तर मात्र ही दरीही सोडा, गावात थांबा.

आणि एक रात्र हटवर. ब्लूमलिसआल्प हट, सुमारे २,८४० मीटर, ओशिनेनझेपासून १,२०० मीटरच्या वर चढाई, बारीतून कळसूबाईपेक्षा बरीच जास्त, शेवटचा भाग मोरेनचा म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या घसाऱ्याचा. जवळचीच होहट्यूर्ली खिंड २,७७८ मीटर. तुम्हाला शिखर हवं होतं ना, त्याच्या जागी हे ठेवा. तीन-चार दिवस आधी खालच्या वाटांवर पाय तयार झालेले असावेत आणि हट वॉर्डनला आदल्या दिवशी फोन करून बर्फ किती आहे ते विचारायचं, तो नको म्हणाला की नको. इथे सगळ्यांना एकच जेवण असतं, व्हेज किती ते बुकिंगच्या वेळीच सांगा. बूट दारात काढायचे, आतल्या स्लिपर घालायच्या, प्रत्येकाकडे आतली पातळ चादरपिशवी हवीच, आंघोळ नाही, गाद्या ओळीने लावलेल्या, दहाला दिवे बंद. गोंगाट, अंताक्षरी, रात्री टॉर्च घेऊन इकडेतिकडे हे नाही, कारण शेजारचा माणूस पहाटे तीनला उठून शिखरावर जाणार असतो. हटच्या वहीत सगळ्यांची नावं आणि उद्या कुठे जाणार ते नीट लिहा, कुणी हरवलं तर रेस्क्यूवाले पहिली ती वही बघतात.

रेस्क्यूसाठी १४१४ म्हणजे रेगा, हेलिकॉप्टरवाले, अॅम्ब्युलन्स १४४, आणि कुठेही चालणारा ११२. रेगाचं अॅप तिन्ही लीडरच्या फोनवर हवं, त्यातून लोकेशन आपोआप जातं. फोन नाही लागला तर शिट्टी किंवा टॉर्चने मिनिटात सहा खुणा, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. हेलिकॉप्टर आलं की दोन्ही हात वर म्हणजे मदत हवी, एक हात वर एक खाली म्हणजे नको, त्यामुळे मुलांनी हौसेने हात हलवायचे नाहीत. तुम्ही तिघे मोठे आहात हे चांगलंय, एक जण जखमी मुलाजवळ, एक जण मदतीसाठी, एक जण बाकीच्यांना घेऊन खाली, बरोबर तीन लागतात, म्हणून ग्रुप दोन भागांत फोडू नका. मुली आहेत तर तिघांत एक ताई हवीच.

इन्शुरन्सचं पॉलिसी-पुस्तक स्वतः वाचा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं ते सगळेच देतात, पण आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसीत डोंगरातले खेळ वगळलेले असतात किंवा उंचीची मर्यादा असते, आणि हेलिकॉप्टरचा खर्च मग पालकांवर येतो. ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टर रेस्क्यू हे शब्द लेखी हवेत. व्हिसाला १८ खालच्या मुलांसाठी आई आणि वडील दोघांची संमती लागते, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. ट्रेनमध्ये दहा किंवा जास्त जणांना ग्रुप तिकिटात सवलत आहे. फॅमिली कार्डवर मुलं फुकट हे ऐकून हुरळू नका, ते आई किंवा वडील सोबत असतील तरच.

खाण्याचं फार टेन्शन नको. तांदूळ, पास्ता, बटाटे, दूध, चीज गावात मिळतं, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, लोणचं घरून न्या. रविवारी दुकानं बहुतेक बंद, शनिवारी भरून ठेवा. गावातल्या कारंज्यांचं पाणी पिता येतं, तसं नसेल तर तिथे पाटी असते. कपड्यांत जीन्स आणि कॉटनचे टीशर्ट डोंगरावर पूर्ण बंद, भिजलेलं कॉटन १० डिग्रीत मुलाला अर्ध्या तासात गारठवतं, आणि सह्याद्रीत भिजायची सवय आहे म्हणून मुलं ओल्या कपड्यात तशीच बसतात. टोपी आणि हातमोजे जुलैतही सॅकमध्ये. कुरणातल्या गायी आपल्या गायींसारख्या नाहीत, वासरू सोबत असेल तर अंगावर येतात, मधून जायचं नाही, लांबून वळसा. आणि कुंपणाच्या बारीक तारेत करंट असतो.

तयारीचं शेवटी लिहितोय पण ती आत्ताच सुरू करायची आहे. फिटनेस तुमच्या मुलांचा चांगलाच असणार, शिकवायचं आहे ते वेळेवर चालणं आणि परत फिरणं. जूनमध्ये पाऊस लागला की दोन-तीन रविवार राजगड किंवा रतनगड असं काहीतरी घ्या, पहाटे पाचला पायथा, तासाला दहा मिनिटंच थांबा, एक वाजता जिथे असू तिथून परत, मग माथा दहा मिनिटांवर असला तरी. पहिल्या वेळी मुलं भांडतील, चिडतील, दादा एवढ्यासाठी आलो का म्हणतील, आणि तुमच्या तिघांपैकीही एकाला वाटेल की जाऊन येऊ पटकन. त्या रविवारी तिघांचं एकमत झालं नाही तर ते भांडण तिकिटं काढायच्या आधी मिटवा, आणि कोणाचा शब्द शेवटचा ते ठरवून पालकांना लेखी कळवा.